टेबलाला लावलेली झोळी

टायरच्या दुकानावर दुसऱ्या मजल्याला एक लांबट खोली आहे. तिथे रोबो तयार होतात. फार मोठे नाहीत, दुधाच्या किटलीएवढे. दोन चाकं, एक हात, वळणारी मान आणि कपाळावर दोन दिवे. हे रोबो घेणारी माणसंही जरा निराळीच. त्यांना आयता शहाणा रोबो नको असतो. त्यांना तो कोरा हवा असतो, म्हणजे त्याला काय शिकवायचं ते आपलं आपण ठरवता येतं. कोणी त्याला कुंड्यांना पाणी घालायला शिकवतो, कोणी बुद्धिबळातली प्यादी हलवायला. एका गृहस्थांनी तर त्याचा हात काढून तिथे पिसांचा झाडू बसवला आणि पुस्तकांचं कपाट त्याच्या हवाली केलं.

या खोलीत खिडकीपाशी एक उंच स्टूल आहे. गेली चार वर्षं त्यावर मावशी बसतात. त्यांना नाव आहे, पण ते फक्त हजेरीच्या वहीला माहीत.

मावशींचं काम तपासणीचं. त्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय एकही रोबो खोक्यात जायचा नाही. त्याआधी बावीस वर्षं त्या घड्याळांच्या कारखान्यात होत्या. तांदळाच्या कणीएवढे स्क्रू चिमट्यात धरून बसवायचे आणि तोंडानं मात्र शेजारणीशी अखंड गप्पा मारायच्या, अशी त्यांची ख्याती. तिथले मुकादम कडक होते. सुट्टीची घंटा मिनिटभर आधी होऊ द्यायचे नाहीत, आणि त्यामुळे बायकांची बस रोज डोळ्यांदेखत निघून जायची. एके दिवशी मुकादमांच्या डोक्यावरचं भिंतीवरचं घड्याळ सात मिनिटं पुढे गेलं आणि पुढे वर्षभर पुढेच राहिलं. घड्याळांच्या कारखान्यात! बस मिळू लागली. मुकादमसुद्धा घरी वेळेवर जेवू लागले. हे कोणी केलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. मावशींना विचाराल तर त्या चष्मा पुसायला घेतात.

तो कारखाना बंद पडला आणि पुढे त्याच मुकादमांच्या मुलानं हा रोबोंचा उद्योग काढला. त्यानं मावशींना बोलावून आणलं. येताना मावशींनी घरून दोनच गोष्टी आणल्या. एक, पितळी चक्रांची डबी. दुसरी, झोळी.

झोळी म्हणजे घड्याळ दुरुस्त करणाऱ्यांकडे असते तशी जाड कापडाची. तिचं एक टोक टेबलाच्या कडेला खालून आकड्यांनी अडकवायचं, दुसरं कमरेला बांधायचं. हातातून काहीही निसटलं तरी जमिनीवर जात नाही, मांडीवर येऊन पडतं. उठून जायचं असेल तर कमरेचं टोक स्टुलाला अडकवायचं. बावीस वर्षांत मावशींनी जमिनीवर स्क्रू शोधला नव्हता. टेबल म्हटलं की त्याला झोळी असतेच, हे त्यांच्या अंगात इतकं मुरलं होतं की त्याचा वेगळा विचार म्हणून त्यांनी कधी केला नाही. सगळा घोटाळा इथूनच सुरू झाला.

कागदावर तपासणीच्या सोळा पायऱ्या होत्या. पुढे चालव, मागे चालव, हात वर, हात खाली. एकेका रोबोला सात-आठ मिनिटं, आणि बघणारा माणूस पेंगायला लागेल इतकं नीरस काम. मावशींनी वर्षभर ते निमूट केलं. मग एक दिवस त्या इंजिनियरबाईंच्या खुर्चीमागे जाऊन उभ्या राहिल्या.

इंजिनियरबाई म्हणजे सत्तावीस वर्षांची, केसात पेन्सिल खोचून ती खोलीभर शोधणारी मुलगी. रोबोंची अक्कल तिच्या हातची.

"हे काय गं पोरी? एकाखाली एक रंगीत पट्ट्या?"

"हाच प्रोग्राम, मावशी. एकेक पट्टी म्हणजे एकेक हुकूम. ही पुढे जायची, ही वळायची. आणि ही लावली की वरचं सगळं पाच वेळा परत."

"दोन सुलट, एक उलट, ओळ संपेपर्यंत परत," मावशी म्हणाल्या. "अगं, हे तर विणकाम आहे!"

आठवड्याभरात मावशींच्या विणकामाच्या वहीत, बाळाच्या टोपड्याच्या नमुन्यापुढच्या पानावर, रोबोचा नमुना उतरला. रोबोनं टेबलाच्या कडेपर्यंत जायचं. थांबायचं. खाली वाकून पाहायचं. मान दोनदा हलवून जणू "नको रे बाबा" म्हणायचं. मग शेजारी ठेवलेलं पितळी चक्र हातानं ढकलून झोळीत टाकायचं. बस्स. चाकं, कडा ओळखणारा डोळा, मान, हात, सगळ्यांची परीक्षा चाळीस सेकंदांत. चक्र झोळीत पडलं तर रोबो पास. चक्राऐवजी रोबोच झोळीत पडला तर त्याचा डोळा आंधळा आहे, परत पाठवा.

त्याहीपुढची हुशारी अशी की दहा मिनिटं कोणी काही हुकूम दिला नाही, तर रोबोनं हे सगळं आपणहून करायचं. मावशी पाच रोबो ओळीनं मांडायच्या, झोळी स्टुलाला अडकवायच्या आणि चहाला जायच्या. परत येऊन झोळीतली चक्रं मोजायची. पाच असली की पाचही खोक्यात.

हा नमुना दर रोबोत भरायचा आणि तपासणी झाली की पुसायचा, असं बरेच महिने चाललं. पण तेवढ्याही भरण्या-पुसण्याचा मावशींना कंटाळा आला. रोबोच्या डोक्यात दोन कप्पे असतात, असं इंजिनियरबाईंनी एकदा त्यांना सांगितलं होतं. वरचा गिऱ्हाइकाचा, तो पुसता येतो. खालचा घरचा. त्यात अगदी मुळातल्या गोष्टी असतात, आणि प्रत्येक नव्या रोबोत तो तपासणीच्या टेबलावरूनच, एका बटणासरशी भरला जातो. मावशींनी विचार केला, वरच्या फळीवरचं कोणीही आवरून टाकतं, टिकवायचं ते खालीच ठेवावं. आणि नमुना हळूच खालच्या कप्प्यात सरकवला. आता भरायला नको नि पुसायला नको. तीन आठवड्यांत साठ रोबो असे तपासून, खोक्यात घालून, वर चिकटपट्टी लावून रवाना झाले.

सोमवारी सकाळी मालकांनी सगळ्यांना बोलावलं. मालक हे तसे भले गृहस्थ, पण काळजीत असले की स्वतःचा कान ओढत बसतात. त्या दिवशी उजवा कान लाल होता.

"उद्या तपासणीचं यंत्र येतंय," ते म्हणाले. "रोबो त्यात अडकवला की तीस सेकंदांत हिरवा दिवा. मावशी, तुम्हाला आता डोळे फोडायला नकोत. तुम्ही खाली पॅकिंगला बसा."

"खाली म्हणजे टायरांच्या वासात?"

"पंखा लावून देतो."

मावशींनी आपल्या स्टुलाकडे पाहिलं. खिडकीतून त्याच्यावर उजेड पडला होता. सव्वीस वर्षं, आधी तिथे आणि मग इथे, त्यांनी स्वतः चालवून पाहिल्याशिवाय कुठली वस्तू बाहेर जाऊ दिली नव्हती. चिकटपट्टी काय, कोणीही लावेल.

"आणि दुसरं," मालकांनी डावा कान धरला. "तक्रारी आल्यात. एकाचा चष्मा टेबलावरून पडला. एकाचा डाव ऐन रंगात असताना वजीर खाली गेला. आणि ही तिसरी, एका निवृत्त शिक्षिकेची." त्यांनी वाचायला घेतलं. "'रोबो बराच वेळ स्वस्थ बसतो. मग टेबलाच्या कडेला जातो, खाली वाकून पाहतो, दोनदा मान हलवतो आणि शेजारची वस्तू ढकलून देतो. मला तो विचार करून करतो असं वाटतं. कृपया खुलासा व्हावा.'"

मावशींना चहाचा ठसका लागला.

"सावकाश, मावशी," म्हणत इंजिनियरबाईंनी त्यांची पाठ चोळली. तिचा स्वतःचा चेहरा पांढरा पडला होता. "साहेब, चूक माझ्याच प्रोग्राममध्ये असणार. मी शोधते."

"शोधा. आणि सापडेपर्यंत गुरुवारची रजा विसरा."

गुरुवारी तिच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. महिनाभर आधी मागून ठेवलेली रजा होती ती.

मावशींनी तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. पण बोललं तर स्टूल कायमचं गेलं, यात शंका नव्हती. साहेबांना आयतं कारणच मिळेल. शिवाय त्यांच्या मनाला अजून पटतच नव्हतं. वस्तू ढकलली तर ढकलली, त्यात पडायचं काय? झोळी नाही का?

आणि मग जिना उतरताना मधल्या पायरीवर त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. लोकांच्या टेबलाला झोळी नसते.

त्या पायरीवरच बसल्या. आधी हसू आलं, चांगलं पोट धरून. चष्मा, वजीर, आणि कुठे कुठे काय काय! साठ घरांत साठ रोबो वाकून बघताहेत, नको रे बाबा म्हणताहेत आणि हवं ते ढकलताहेत. मग इंजिनियरबाईंचा पांढरा चेहरा आठवला आणि हसू जिथल्या तिथे थांबलं.

संध्याकाळी घरी त्यांनी देवापुढे दिवा लावला. रोज दहा मिनिटं तरी त्या तिथे डोळे मिटून बसायच्या. त्या दिवशी वात पेटली न पेटली तोच उठल्या.

"आज देवाला घाई आहे का?" त्यांचे यजमान म्हणाले. ते बसचे निवृत्त ड्रायव्हर. बोलणं कमी, पण आरशात मागचं सगळं दिसायची सवय अजून गेली नव्हती.

"पाय दुखतायत."

"पायांनी कुठे बसतेस देवापुढे?"

"अहो, गप्प बसा ना जरा!"

यजमान गप्प बसले. मावशींना तेही खुपलं.

मंगळवारी यंत्र आलं. त्याला दोन चिमटे होते. त्यांनी रोबोला दोन्ही बाजूंनी उचलून धरलं, की चाकं हवेत गरागरा फिरायची, हात वर-खाली व्हायचा, मान डावी-उजवी, आणि हिरवा दिवा. बारा रोबो सहा मिनिटांत पास. मालकांच्या कानाला त्या दिवशी विश्रांती मिळाली. इंजिनियरबाई मात्र सकाळपासून स्वतःच्या कॉम्प्युटरवरचा प्रोग्राम ओळ न् ओळ तपासत होती. तिथे चूक असणार कुठून? तिची प्रत स्वच्छ होती. मावशींच्या टेबलावरच्या प्रतीत कोणी हात घातला असेल, हे तिच्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं. आणि परत आलेला एकही रोबो हाताशी नव्हता. दुपारी मावशींनी तिला दोनदा चहा नेऊन दिला. तिसऱ्यांदा नेला तेव्हा ती म्हणाली, "मावशी, तुम्हीच काय ते माझी काळजी करता." मावशी कप तिथेच ठेवून निघून आल्या.

बुधवारी अकरा वाजता जिन्यात धाडधाड पावलं वाजली आणि दंतवैद्य आले. दवाखान्याचा पांढरा कोट अंगात, काखेत खोका.

"मालक कोण?"

"मी. या, बसा."

"बसत नाही. पेशंट खुर्चीत तोंड उघडून बसलाय आणि त्याचे दात जमिनीवर! नवी कवळी, सकाळीच करून आलेली. समोरचे दोन गेले. पेशंट मला विचारतो, डॉक्टर, हा तुमचा मदतनीस का? मी हौसेनं याला हत्यारं हातात द्यायला शिकवलं, सहा रविवार घातले. आणि हा? आधी खाली बघतो. मान हलवतो. म्हणजे याला कळतंय हो, की हे वाईट आहे! आणि तरी ढकलतो!"

मालकांनी दोन्ही कान धरले. "इंजिनियरबाई, सांगा यांना."

"मला सापडलं नाही, साहेब." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "तीन दिवस शोधतेय. पण मी शोधीन. उद्या सुट्टी नको मला. आईजवळ मावसबहीण थांबेल."

मावशी स्टुलावर होत्या. पॅकिंगला जायला त्यांना शनिवारपर्यंत मुदत मिळाली होती. त्यांनी एकदा डोळे मिटले. तिथे दिवा नव्हता की काही नव्हतं, पण सोमवारी राहिलेलं ते बसणं तिथे एका क्षणात झालं. मग त्या उठल्या, कमरेचं टोक स्टुलाला अडकवलं, दंतवैद्यांच्या काखेतून खोका काढून घेतला, रोबो आपल्या टेबलावर ठेवला आणि चालू केला. मालकांच्या खिशातला चष्मा न विचारता घेतला आणि टेबलाच्या कडेशी ठेवला.

"अहो मावशी, तो माझा—"

"असू दे. आता दहा मिनिटं कोणी याला हात लावायचा नाही."

"दहा मिनिटं काय करायचं?" दंतवैद्य म्हणाले.

"माझी दाढ बघा. डाव्या बाजूची. थंड लागलं की ठणकते."

दंतवैद्य रागावलेले असले तरी दंतवैद्यच. समोर उघडलेलं तोंड पाहून त्यांना राहवेना. खिडकीच्या उजेडात त्यांनी दाढ पाहिली, किडली आहे म्हणाले, इतके दिवस काय करत होतात म्हणून ओरडले. तेवढ्यात मागे बारीक घरघर झाली.

रोबो निघाला होता. कडेपर्यंत गेला. थांबला. वाकून पाहिलं. मान एकदा हलवली, दोनदा हलवली. मग हात पुढे करून त्यानं मालकांचा चष्मा हळूच ढकलला.

चष्मा झोळीत पडला. आवाजसुद्धा झाला नाही.

मालकांनी झोळीकडे पाहिलं. दंतवैद्यांनी झोळीकडे पाहिलं. इंजिनियरबाईंनी झोळीकडे पाहिलं, मग टेबलावर पडलेल्या विणकामाच्या वहीकडे, मग मावशींकडे. केसातली पेन्सिल तिच्या हातात आली.

"मावशी! खालच्या कप्प्यात?"

"खालच्या," मावशी म्हणाल्या. "चूक हिची नाही, साहेब. माझी. साठही रोबोंत मीच घातलंय ते. माझ्या टेबलाला झोळी आहे, मला वाटलं सगळ्यांच्या असते. नाही, वाटलं असंही नाही. डोक्यातच आलं नाही. सोमवारीच सांगायचं होतं, पण या स्टुलाचा मोह आडवा आला. पोरीला तीन दिवस रडवलं मी. आता मी खाली जाते. पण तिला उद्या आईकडे जाऊ द्या."

मालकांचे कान लाल झाले आणि या वेळी कोणी ओढलेही नव्हते. "मावशीबाई, साठ रोबो! साठ गिऱ्हाईकं! मला या यंत्राची गरज का वाटली ते आता तरी कळलं का?"

"कळलं."

"एक मिनिट, साहेब." हे इंजिनियरबाई बोलली. डोळे लाल, पण आवाज इंजिनियरचा. "यंत्रानं काल पास केलेले बारा कुठायत? मावशी, चालवा ते. तुमच्या पद्धतीनं."

"आता कशाला गं?"

"मला बघायचंय."

बारा रोबो आले. मावशींनी झोळी कमरेला घट्ट केली आणि एकेक सोडला. पहिले दोन वाकले, नको म्हणाले, चक्र ढकललं. तिसरा चालत आला आणि थांबलाच नाही. चक्रासकट सरळ झोळीत. मावशींनी त्याला मांजराच्या पिल्लासारखा मानेला धरून उचलला आणि बाजूला ठेवला. सातवा तसाच आला. दहावाही.

"तीन," दंतवैद्य म्हणाले. त्यांनी आता खुर्ची ओढून घेतली होती. "बारात तीन आंधळे."

"यंत्र त्यांना हवेत उचलून धरतं," इंजिनियरबाई म्हणाली. "हवेत कुठली कड? डोळ्यांची परीक्षाच होत नाही. साहेब, हे तिघं खोक्यात गेले असते तर गिऱ्हाइकाचा चष्मा पडला नसता. रोबोच पडला असता."

मालकांनी यंत्राकडे पाहिलं. मग झोळीतून आपला चष्मा काढून डोळ्यांवर चढवला.

"मावशी, अजून काही लपवून ठेवलंय का माझ्यापासून?"

मावशींनी आपला चष्मा पुसायला घेतला. "या खोलीत काही नाही."

"म्हणजे?"

"एक घड्याळ होतं. पण ते तुमच्या वडिलांच्या वेळचं."

त्याचा अर्थ मालकांना लागला नाही, आणि तो सांगायची ती वेळही नव्हती. निकाल असा लागला: यंत्रानं तारा आणि बॅटरी तपासायच्या, तेवढं ते चोख करतं. चालवून बघायचं ते स्टुलावरच. नमुना वरच्या कप्प्यात ठेवायचा आणि प्रत्येक रोबोतून पुसल्याची इंजिनियरबाईंची सही घ्यायची. आणि साठही गिऱ्हाइकांना मावशींनी स्वतःच्या हातानं माफीचं पत्र लिहायचं, सोबत नमुना पुसायची रीत.

"साठ?" मावशी म्हणाल्या.

"एकोणसाठ," दंतवैद्य म्हणाले. "माझा इथेच पुसा. माझ्यासमोर."

मावशींनी पुसला. दंतवैद्यांचा विश्वास बसला नाही. त्यांनी खिशातलं पेन टेबलाच्या कडेला ठेवलं आणि घड्याळ लावून दहा मिनिटं रोबोच्या तोंडाकडे पाहत बसले. रोबो ढिम्म. तेव्हा कुठे त्यांनी त्याला खोक्यात घातलं. "शुक्रवारी चार वाजता या," जिन्यातून ते ओरडले. "दाढ काढावी लागेल. आणि ती झोळी कुठे शिवून मिळते ते सांगा."

गुरुवारी इंजिनियरबाई आईजवळ होती. त्या संध्याकाळी मावशी देवापुढे बसल्या त्या चांगल्या वीस मिनिटं. उठल्या तेव्हा यजमान म्हणाले, "पाय बरे दिसतायत."

पुढच्या सोमवारी त्या कामावर आल्या, तर टेबलाच्या कडेला एक नवी वस्तू उभी होती. सागवानी लाकडाचा जाडजूड ठोकळा, त्यावर मालकांनी सुबक अक्षरं कोरून घेतली होती: 'टेबलाच्या कडेला कोणतीही वस्तू ठेवू नये.'

मावशींनी तो हातात घेऊन तोलून पाहिला. पितळी चक्रापेक्षा चांगलाच जड. रोबोच्या हाताची खरी ताकद कळायला अगदी हवा तेवढा. त्यांनी तो पुन्हा जागच्या जागी ठेवला, झोळी कमरेला बांधली आणि दिवसाचा पहिला रोबो सोडला. तो चालत आला, वाकला, मान दोनदा हलवली आणि मालकांची सूचना झोळीत टाकली.

"पास," मावशी म्हणाल्या आणि ठोकळा परत कडेला ठेवला.